सदर इसम

वडोदऱ्यात दारू नाही.
हे गृहीत धरून मी बावीस वर्षं
कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली टाइप करतो,
गुजरातीत, तीन प्रतींत:
सदर इसमाच्या तोंडास उग्र वास,
डोळे लाल, पाय लटपटत,
विचारल्यास समाधानकारक उत्तर देत नाही.
पानाला तीस रुपये.
खालच्या खणात, कोऱ्या कागदांच्या मागे,
माझी स्वतःची पाण्याची बाटली,
जिच्यातलं पाणी कुणी मागू नये म्हणून
मी वर्षभर सर्दी झाल्याचं सांगायचो.

जी वस्तू गावात नाहीच
तिचा आजार झालाय, हे सांगायचं कुणाला?

सांगितलं नाहीच. पकडलं दाताच्या डॉक्टरनं.
दोन इंजेक्शनं दिली तरी दाढ बधिर होईना.
मास्क खाली करून म्हणाला, रोज किती?
मी म्हणालो, काय किती?
त्यानं चिठ्ठीवर औषधाच्या जागी लिहिलं:
गुरुवार, संध्याकाळी सात, बाबाजीपुरा, बालवाडी.
आणि दाढ तशीच काढली.

चिठ्ठी चार महिने पाकिटात.
मग एकदा गेलो, तो बुधवार होता.
एकदा गेलो, तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, कोण पाहिजे?
भाच्यासाठी चौकशी करतोय म्हणालो.
अ‍ॅडमिशन जूनमध्ये, तो म्हणाला,
आणि न मागता बडीशेप दिली.
त्याला माहीत होतं. अशी किती भाचरं बघितली असतील त्यानं.

तिसऱ्यांदा दारात एक बाई चपला काढत होत्या.
आवो, म्हणाल्या, जणू लग्नाला उशिरा आलोय.

भिंतीवर क कमळाचा, ख खटाऱ्याचा.
लाल, पिवळ्या, वीतभर उंचीच्या खुर्च्या
आणि त्यांवर आठ मोठी माणसं,
गुडघे हनुवटीला लावून.
मंजरीबेन. रेल्वेतला लोबो.
सारखा घड्याळ बघणारा एक पोरगा, नाव सांगायला तयार नाही.
आमच्यात पहिला प्रश्न असतो, तुम्ही कुठले?
दांडिया बाजारातले का? मग अमक्यांचे कोण?
इथं आडनाव कुणी विचारलं नाही.
आजोबांची तलवार दाराबाहेर चपलांपाशीच राहिली.

माझी पाळी आली.
बोटांना सवय होती, जिभेला नव्हती.
मी म्हणालो, सदर इसम सुमारे एकोणीस वर्षांपासून
मंजरीबेननी विचारलं, सदर कोण?
कुणी हसलं नाही.
पंखा कुरकुरत होता.
शाईचा डबा लागतो, शिक्का लागतो, दोन पंच लागतात,
त्यांतलं काही नव्हतं.
मी, म्हणालो. मी हेरंब. मी पितो.
लोबोनं अर्धा कप चहा पुढे केला.

घरी नीलिमानं नेहमीसारखं
माझ्या कॉलरपाशी नाक आणलं.
आलं. चहा. खडू.
पुन्हा हुंगलं तिनं.
विश्वास नाही बसला. बसू नये.
चौथ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी मी प्यालो,
आणि पाचव्या गुरुवारी
त्याच पिवळ्या खुर्चीवर बसून तेच सांगितलं.
चहा तितकाच मिळाला.

आज एकोणचाळीसावा दिवस.
सकाळी हवालदारानं एका पोराला आणून उभं केलं,
वास, डोळे, पाय, सगळं तेच.
लटपटत या शब्दावर माझं बोट थांबलं.
जामिनाच्या अर्जामागे
मी वार लिहिला, वेळ लिहिली, गल्ली लिहिली.
त्याला वाटलं, वकिलाचा पत्ता.
फी किती, म्हणाला.

फी नाही, म्हणालो.
खुर्च्या लहान आहेत.
गुडघे सांभाळ.